वितीला एक बोल्ट

पाना हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव आयुष्यात पोलिसांनी वापरलं, डॉक्टरांनी वापरलं आणि आईने मरताना एकदा. बाकी सगळ्यांसाठी तो पाना, टायर रिमोल्डच्या कारखान्यात चेंबरचं दार आवळणारा माणूस.

काम ऐकायला सोपं आहे. झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायचं आणि ते अंगाशी एकजीव व्हावं म्हणून टायर लोखंडी चेंबरात कोंडून वाफेवर शिजवायचा. चेंबर म्हणजे जाड पत्र्याचं आडवं पडलेलं पिंप. एका टोकाला गोल दार, दाराच्या कडेने बोल्ट. आत वाफ भरली की ती दाराला आतून ढकलायला लागते. बाहेरून दाराला धरून ठेवतात ते फक्त बोल्ट, आणि बोल्ट आवळतो तो पाना.

टोपणनाव पडलं त्याची गोष्ट कारखान्यात नव्या येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगितली जायची. टायर वेळेवर मिळाला नाही म्हणून एका ट्रक ड्रायव्हरने धाकट्याला, म्हणजे पानाच्या सख्ख्या भावाला, कानफटात मारली. पाना त्या वेळी नट आवळत होता. तो शांतपणे उठला, हातभर लांब पाना घेऊन गेला आणि ड्रायव्हरचा हात कोपराखाली दोन ठिकाणी मोडला. आवाज नट बसल्यासारखा आला म्हणे. त्यापायी तो काही महिने आत जाऊन आला. सुटून परत आला तेव्हा मालकीणबाईंनी तोच पाना त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "हा नटांसाठी आहे. माणसांसाठी दुसरं काही मिळालं तर मला दाखवून घे."

मालकीणबाई अशाच. नवरा गेल्यावर कारखाना त्यांनी एकटीने ओढला. त्यांना पाना हवा होता, कारण त्याने आवळलेलं दार कधी फुसकन सुद्धा करत नसे.

त्याचा राग बापाकडून आला होता, आणि आवळायची रीतही. कारखान्यातलं पहिलं चेंबर बापानेच बांधलं. पाऊण मीटर रुंदीचं दार, छोट्या गाड्यांच्या टायरांसाठी. बोल्ट किती लावायचे, याचा बापाचा एकच हिशोब होता. दाराच्या कडेवर पंजा पसरायचा, अंगठ्यापाशी खडूची खूण, करंगळीपाशी खूण. वितीला एक बोल्ट. त्या दाराला असे दहा बसले. खुणा करायचं काम थोरल्याकडे होतं. खूण बोटभर सरकली की बाप त्याच पसरलेल्या पंजावर रबराचा पट्टा ओढायचा. पानाची डावी करंगळी अजून बाहेर वळलेली आहे, ती तेव्हाची.

बापाचं आणखी एक होतं. धाकट्याला मारून मारून स्वतः दमला की तो पट्टा थोरल्याच्या हातात द्यायचा. "तू मार." थोरल्याने हात हलका ठेवला तर बाप पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. म्हणून थोरला जोरात मारायला शिकला. लवकर संपावं म्हणून. हे धाकट्याला कुणी सांगितलं नाही. त्याला एवढंच ठाऊक होतं की दादाचा हात बापापेक्षा लागतो.

बाप गेला, पट्टा गेला, रीत राहिली. मोठेपणी पानाची वीत बरोबर बापाच्या वितीएवढी भरली, याचं त्याला फार अप्रूप वाटायचं. त्याची स्वतःची म्हणून एक सवय मात्र होती. चेंबरच्या दाबाचा काटा सहावर पोहोचला की तो पान्याच्या शेपटाने एकेक बोल्ट ठोकून बघायचा. ताणलेला बोल्ट वाजतो. काट्यावर एक असताना त्याचा आवाज ठसठशीत जाड असतो, सहावर बारीक आणि लांब. दहाही बोल्ट एका आवाजात बोलले की तो मान डोलवायचा आणि बाजूच्या पोत्यावर जाऊन बसायचा. "सहाचा आवाज" म्हणायचा त्याला. काटा बिघडला तरी चालेल, माझे कान आहेत, असं तो मालकीणबाईंना सांगायचा, आणि त्यात बढाई नव्हती.

मग मालकीणबाईंनी ट्रकचे टायर घ्यायचं ठरवलं.

ट्रकच्या टायरला मोठं चेंबर लागतं. दार दीड मीटर रुंद. बांधायचं काम अर्थातच धाकट्याकडे आलं. दोन वर्षं तांत्रिक शाळेत जाऊन तो वेल्डिंग शिकला होता आणि वेल्डिंगचा टाका त्याच्याइतका सुबक कुणाचा पडत नसे. पिंप झालं, दाराचा गोल कापून झाला, आणि एका दुपारी पाना आवारात येऊन त्या दारावर पंजा पसरून बसला.

"वीस," कडेने फिरून झाल्यावर तो म्हणाला. "दार दुप्पट, बोल्ट दुप्पट. झालं."

धाकटा दाराच्या मध्यावर उकिडवा बसला होता. मध्यबिंदूत खिळा, खिळ्याला दोरी, दोरीच्या टोकाला खडू. "वीस नाही पुरणार, दादा. चाळीस लागतील."

"बोल्टांचं दुकान काढलंस का कुठं?"

"मी मोजलंय."

"काय मोजलंस? ही बघा मोजायची तऱ्हा." पानाने दोरी उचलून इतरांना दाखवली. "मधून कडेपर्यंत. अर्धंच मोजतोय. अख्खं मोजायला काय लाज वाटते?"

माणसं हसली. धाकटाही थोडा हसला, कारण त्याला वाटलं हे बोलणं बोलण्यावरच राहील. "अर्ध्याने मोज नाहीतर अख्ख्याने मोज, फरक पडत नाही. त्रिज्या दुप्पट झाली की व्यासही दुप्पट होतो. आणि दोन्हीकडून गेलास तरी जागा चौपट होते. वाफ काय नुसती कडेला ढकलते का दादा? ती सबंध दाराला ढकलते. बोल्ट तू कडेने मोजतोयस."

"बापाने कडेनेच मोजले."

"बापाने एकच दार बांधलं."

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण धाकट्याच्या डोक्यात एक गोष्ट आली की ती हाताने करून दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. शाळेतून आल्यापासून हे वाढलंच होतं. त्याने कच्च्या रबराची एक शीट ओढली. त्यातून वीतभर रुंदीचे चार गोल कापले. त्याच शीटमधून दोन विती रुंदीचा एक मोठा गोल कापला. मग रबर तोलायचा दोन ताटांचा तराजू आवाराच्या मधोमध आणून ठेवला.

एका ताटात मोठा गोल. दुसऱ्यात एक छोटा. मोठा खालीच.

"आता दादाच्या हिशोबाने," धाकटा म्हणाला आणि दुसरा छोटा ठेवला. मोठं ताट जमिनीला टेकलेलंच. तिसरा ठेवला. दांडी जराशी हलली. चौथा ठेवला, आणि दांडी आडवी झाली. काटा मधोमध उभा राहिला.

मालकीणबाई ऑफिसच्या जिन्यावर उभ्या होत्या, त्या खाली वाकून बघत होत्या. आणि मग टायर घासणाऱ्यांपैकी एकजण हसून म्हणाला, "पाना, तुझी वीत तोकडी पडली रे."

तराजू आधी उडाला. पानाने मोठा गोल दोन्ही हातांनी उचलला आणि धाकट्याच्या तोंडावर सपकन हाणला. रबराचा आवाज पट्ट्यासारखाच असतो. धाकटा मागे पडला आणि पाना त्याच्यावर गेला. भुवई फुटली. नाकातून रक्त आलं. तो उठायला बघत होता तेव्हा पानाने बुटाने बरगडीत मारलं, आणि पुन्हा त्याच जागी मारलं. दोघंतिघं धरायला धावले, त्यातल्या एकाला कोपर लागून दात हातात घ्यावा लागला. धाकट्याने हात उचलला नाही. त्याने फक्त गुडघे पोटाशी घेतले आणि डोकं दोन हातांत झाकलं, लहानपणी झाकायचा तसं. ते बघून पानाला आणखी चेव आला की तो त्यामुळेच थांबला, हे त्याचं त्यालाही कधी उमगलं नाही.

"पुरे," मालकीणबाई खाली येऊन म्हणाल्या. "मला चेंबर हवंय. मेलेला वेल्डर नको."

धाकटा उठून बसला. तोंडातलं रक्त त्याने बाजूला थुंकलं. बोलला तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"वीस तर वीस. वीसच लावतो. पण पहिल्यांदा वाफ भरू तेव्हा मी दारासमोर उभा राहणार. बरोबर समोर." मग पानाकडे बघून म्हणाला, "आणि काटा तीनवर आला की तुझा पाना वाजव. रेटा चौपट आणि बोल्ट दुप्पट, म्हणजे एकेकावर दुप्पट ओझं. तुझा सहाचा आवाज तुला तीनवरच ऐकू येईल. ऐकलास की सगळ्यांसमोर सांग, चाळीस. तू सांगितल्याशिवाय मी हलणार नाही."

"उभा राहा नाहीतर झोप तिथं," पाना म्हणाला.

मालकीणबाईंनी दोघांकडे बघितलं. त्या एवढंच म्हणाल्या की जुन्या दाराने आजवर दगा दिलेला नाही. म्हणजे त्याही वितीच्या बाजूच्या झाल्या.

घरी बायकोने सदरा बघितला. "हे रक्त कुणाचं?"

"धाकट्याचं."

तिने साबण आणून त्याच्या हातात दिला. "मग तुम्हीच धुवा."

तिच्यावर पानाने एकदाच हात उचलला होता. त्यानंतर ती वर्षभर आईकडे राहिली आणि परत आली ती एका अटीवर: बापाचा पट्टा, जो तेव्हा दारामागे खिळ्याला लटकत असे, तो पानाने तिच्यासमोर स्वतःच्या हाताने कापायचा. त्याने कापला होता. आता तो मोरीत बसून सदरा चोळत होता आणि ती दारात उभी राहून बोलत होती.

"काय म्हणाला काय तो असा?"

"चाळीस म्हणाला."

"आणि तुम्ही?"

"वीस."

"मग जास्त लावले तर तुमचं काय जातंय?"

जे जात होतं ते बोल्टांत मोजण्यासारखं नव्हतं. वीत चुकली असेल तर त्या पंजावर बसलेले सगळे पट्टे फुकट गेले. वाकडी करंगळी फुकट गेली. हे त्याने मनातसुद्धा इतकं नीट मांडलं नाही, त्याने नुसता सदरा जोरात पिळला आणि काखेत फाडला.

पुढचे दिवस दोघं भाऊ एकाच आवारात काम करत होते आणि एकमेकांकडे हत्यारं फेकत होते. "दे" नाही की "घे" नाही. धाकट्याची एक बरगडी मोडली होती, तो वेल्डिंगला वाकला की एक हात पोटाशी धरायचा. वीस बोल्ट त्याने लावले, सुबक, ठरल्याप्रमाणे वितीवितीला.

एकदा जेवणाच्या सुट्टीत आवार रिकामं होतं. पानाने ते पाच गोल शोधून काढले. मोठ्यावर अजून वाळलेलं रक्त होतं. त्याने तराजू उभा केला आणि स्वतः तोलून बघितलं. चार छोटे, एक मोठा. दांडी आडवी. ताटं बदलून पाहिलं. पुन्हा आडवी. मग त्याने रबर कापायचा सुरा घेतला आणि पाचही गोलांचे इतके तुकडे केले की ते कुठल्या गोलातले हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. रबर वेगळं, वाफ वेगळी, असं तो स्वतःशी म्हणाला. हे मोठ्याने म्हणाला, म्हणजे ते पटलं नव्हतं.

वाफ भरायच्या दिवशी सकाळी सगळा कारखाना आवारात होता. चेंबरात ट्रकचे टायर टांगले, दार लोटलं, आणि पाना आवळायला बसला. पान्याच्या दांड्यात त्याने लांब पाइप घातला, जास्त जोर मिळावा म्हणून, आणि त्यावर अंगाचं सगळं वजन टाकून एकेक नट असा आवळला की मानेच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. भीती असली की माणूस जास्त आवळतो. जास्त आवळलेला बोल्ट आधीच अर्धा थकलेला असतो. हे धाकट्याला ठाऊक होतं. तो बघत राहिला, बोलला नाही.

मग तो दारासमोर येऊन उभा राहिला. हाताची घडी, भुवईवर खपली. त्याच्या मागे आवार, आवारामागे भिंत, भिंतीपलीकडे रिकामा उभा केलेला एक ट्रक. बाकीची माणसंही तमाशा बघायला त्याच्याच आजूबाजूला जमली होती. पाना दाराच्या बाजूला, वाफेच्या चाकाशी. त्याच्या डाव्या हाताला बॉयलरची विटांची जाड भिंत.

चाक फिरलं. आत वाफ शिरल्याचा घोगरा आवाज झाला. काटा एकवर आला. दोनवर आला. तीनवर आला.

पानाने पान्याचं शेपूट उचललं आणि पहिला बोल्ट ठोकला.

बारीक आणि लांब. इतकी वर्षं रोज ऐकलेला सहाचा आवाज. चुकायची सोयच नव्हती. त्याने दुसरा ठोकला, तिसरा ठोकला. तोच.

समोरून धाकटा म्हणाला, "ऐकलंस?"

"काय ऐकायचंय?"

"सांग मग किती लागतात."

मालकीणबाई बघत होत्या. तोकडी वीत म्हणणारा तो टायर घासणारा बघत होता, त्याच्या शेजारी दात पडलेला. पानाने तोंड फिरवलं आणि चाक आणखी उघडलं. हे त्याने स्वतःच्या हाताने केलं. पुढे त्याने अनेकदा अनेकांना सगळं सांगितलं, पण हा भाग तो प्रत्येक वेळी सगळ्यात आधी सांगायचा.

काटा चारवर आला, आणि पाचाला टेकला. दाराच्या कडेतून बारीक शिट्टी सुरू झाली. पानाने ठोकून बघितलं, आणि हा आवाज त्याने जन्मात ऐकला नव्हता. आवाज कसला, किंचाळी. वरच्या अंगाच्या एका नटाच्या आट्यांतून लोखंडाची पूड गळत होती. पूड खाली पडताना उन्हात चमकली.

त्याने चाक गच्च बंद केलं. वाफ सोडायचा कॉक उघडला. पण तो कॉक बोटभर रुंदीचा, आणि आत खोलीभर वाफ. काटा हलायलाच तयार नाही.

"बाजूला हो," तो म्हणाला.

"का?"

"हो म्हणतो ना."

"वितीला एक आहे की," धाकटा म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. म्हणजे त्यालाही दिसत होतं. पण पाय हलवत नव्हता. ज्या मुलाने कधी उलट हात उचलला नाही, तो एवढ्या वर्षांचा हिशोब असा उभा राहून करत होता. "किती लागतात ते बोल. मग होतो."

एक शब्द होता. पानाने तोंड उघडलं. शब्द घशापर्यंत आला आणि तिथे बापाचा पंजा पसरून बसला होता. शब्द त्याला ओलांडून वर येईना. आणि या माणसाचं जे नेहमी व्हायचं तेच झालं. तोंड अडकलं आणि हात सुटला.

त्याने पळत जाऊन धाकट्याच्या जबड्यावर ठोसा मारला. आयुष्यात मारलेल्या सगळ्या ठोशांत हा सगळ्यात जोराचा. जबडा मोडल्याचं पाच माणसांनी ऐकलं. धाकटा कोसळला. पानाने त्याची कॉलर धरली आणि त्याला पोत्यासारखा ओढत विटांच्या भिंतीकडे नेऊ लागला.

"अरे मारून टाकेल तो त्याला," मालकीणबाई ओरडल्या आणि धावत येऊन त्यांनी पानाचे केस धरले. त्याने त्यांना खांद्याने ढकललं, त्या विटांच्या भिंतीच्या पायथ्याशी आपटल्या. आता मात्र सगळ्यांचंच डोकं फिरलं. आधीचाच राग साठला होता. आवारातली सगळी माणसं पानावर तुटून पडली. एकाने लोखंडी पट्टी खांद्यावर हाणली, एकाने पाठीत लाथ घातली, दात पडलेल्याने तर दोन्ही हातांनी त्याचा गळा धरला. पाना मार खात खात सरकत होता, कॉलर सोडत नव्हता. त्याला मारायला म्हणून एकूण एक माणूस दारासमोरून हलला आणि विटांच्या भिंतीआड आला. त्यांचा जीव वाचला तो असा, हातात पानाची मानगूट धरलेली असताना.

आधी एक नट गेला, गोळी सुटल्यासारखा. मग त्याच्या दोन्ही बाजूंचे. त्यांचं ओझं शेजाऱ्यांवर आलं, ते गेले, त्यांचं पुढच्यांवर. वीस बोल्ट मोजायलाही वेळ मिळाला नाही. कापड टरकावं तसं दार सुटलं. पाऊण मीटरच्या दारावर सहाच्या वाफेचा रेटा साडेसव्वीस टन असतो; या दारावर पाचच्या वाफेलाच त्याच्या तिपटीहून जास्त होता. धाकटा उभा होता त्या जागेवरून ते आवार ओलांडून गेलं, भिंतीतून गेलं, आणि पलीकडच्या ट्रकच्या केबिनमध्ये आडवं रुतून थांबलं. बोल्टांनी छपराची चाळण केली. टायर बाहेर फेकले गेले. आणि मग वाफ आली, पांढरी, भिंतीला वळसा घालून.

पाना धाकट्यावर पालथा पडला होता. वाफेचा वळलेला झोत त्याच्या पाठीवरून गेला. सदरा आणि कातडी एकत्रच निघाली.

शुद्धीवर आला तेव्हा तो इस्पितळात पोटावर झोपलेला होता आणि जग मुकं झालं होतं. डावा कान संपला, उजव्याला थोडंफार येईल, असं डॉक्टरांनी बायकोला सांगितलं आणि बायकोने त्याच्या उजव्या कानात ओरडून सांगितलं. सहाचा आवाज आता त्याला कधी ऐकू येणार नव्हता.

शेजारच्या खाटेवर धाकटा. त्याचा जबडा तारांनी शिवलेला, नळीने पातळ पदार्थ चालू. एकाला बोलता येत नाही, दुसऱ्याला ऐकू येत नाही. बायको दोन खाटांच्या मध्ये स्टूल टाकून बसायची आणि म्हणायची, "एवढं शांत घर मला लग्नानंतर पहिल्यांदा मिळालं."

मालकीणबाई हाताला प्लास्टर घालून भेटायला आल्या. नवीन दार करायचं आहे, त्यांनी सांगितलं, म्हणजे बायकोने कानात ओरडून पोहोचवलं. बोल्ट किती लावायचे?

धाकट्याने खाटेवर मान वळवली. त्याचे डोळे सुजलेले होते, पण उघडे होते आणि थेट पानावर होते.

पानाने डावा पंजा उशीवर पसरला. वाकडी करंगळी, अंगठा. मग त्याने मधलं बोट उशीत रुतवलं, बरोबर मध्यावर. अर्ध्या वितीला एक.

धाकट्याने नाही म्हणून मान हलवली. खूण नको. बोल.

पानाने घसा साफ केला. स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नव्हता, म्हणून तो किती मोठा काढावा याचा अंदाज राहिला नाही.

"चाळीस," तो म्हणाला. "जागा चौपट होते."

सगळा वॉर्ड दचकला. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. नर्स दारातून धावत आत आली.

धाकट्याने शिवलेल्या जबड्याआडून काहीतरी घुमल्यासारखा आवाज काढला. हसणं असेल, कळ असेल. मग त्याने हात उचलला आणि स्वतःच्या कानाला लावला. ऐकू नाही आलं. पुन्हा.

"चाळीस," पाना आणखी मोठ्याने म्हणाला.

"अहो, इथे आजारी माणसं आहेत," नर्स बायकोला म्हणाली. "यांना जरा हळू बोलायला सांगा ना."

"नाही," बायको म्हणाली. "बोलू द्या."